एन्काच्या गायिकांना नवी गाणी द्या

दरवर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री जपानची सार्वजनिक वाहिनी एनएचके ‘कोहाकु उता गास्सेन’ हा गाण्यांचा सामना दाखवते. १९५१ पासून चालत आलेल्या या कार्यक्रमात एका बाजूला गायिका असतात, दुसऱ्या बाजूला गायक, आणि तिथलं बोलावणं तिकडचा कलावंत मोठा मान समजतो. एन्का या जुन्या वळणाच्या भावगीतांतल्या आजच्या सर्वांत मोठ्या गायिका इशिकावा सायुरी. २००७ ते २०२३ या काळात त्या इथे आलटून पालटून दोनच गाणी गात राहिल्या. एका वर्षी ‘त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकी’, पुढच्या वर्षी ‘अमागी-गोए’. पहिलं १९७७चं, दुसरं १९८६चं. २०२४ मध्ये हा क्रम मोडला, कारण त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी नोतो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला होता. त्यांनी ‘नोतो हान्तो’ गायलं. तेही १९७७चंच. ही गाणी थोर आहेत आणि इशिकावा ती आजही जीव ओतून गातात. पण मधल्या काळात याच इशिकावांनी शीना रिंगोसारख्या पुढच्या पिढीतल्या बंडखोर गीतकार-संगीतकार स्त्रीने रचलेली गाणीही गायली. वर्षातल्या सर्वांत मोठ्या श्रोतृवर्गापुढे मात्र त्यांच्या वाट्याला येतो तो भूतकाळच. एन्काच्या गायिकांना परंपरेच्या राखणदार म्हणून मखरात बसवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे असं मला वाटतं, आणि त्याने परंपराही टिकत नाही.

मुळात ही परंपरा सांगितली जाते तितकी जुनी नाही. किमोनो, साके, बंदर, बर्फ, सोडून गेलेला पुरुष आणि या सगळ्याला मिळून ‘जपानी माणसाचं हृदय’ हे नाव, ही सांगड १९६०च्या दशकाच्या अखेरीस बसली, असं संगीताचे अभ्यासक वाजिमा युसुके यांनी २०१०च्या आपल्या पुस्तकात मांडलं. त्याआधीची कितीतरी लोकप्रिय गाणी नंतर मागे जाऊन एन्काच्या खात्यात जमा केली गेली. एन्काची सम्राज्ञी म्हणून जिचं नाव घेतात ती मिसोरा हिबारी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात लहानपणी बूगी-वूगी गाऊन प्रसिद्ध झाली. १९६५ मध्ये तिने अमेरिकन गायक नॅट किंग कोलच्या गाण्यांचा अल्बम काढला. या गाण्यांचे आद्य संगीतकार मानले जाणारे कोगा मासाओ कोरियात वाढले. चालींचंही तसंच. एन्काच्या बहुतेक चाली मध्यम आणि निषाद गाळून पाच सुरांत फिरतात. एका प्रकारात ते सूर आपल्या भूपाचे, तर दुसऱ्या, उदास प्रकारात शिवरंजनीचा धैवत कोमल केल्यावर मिळणारे. मराठी कानाला म्हणूनच हे गाणं पहिल्या ऐकण्यात परकं वाटत नाही. हे सूर रुळले ते मेइजी काळात, पाश्चात्त्य सप्तकाशी जपानी कानाचा मेळ घालताना. आणि साथीला सॅक्सोफोन, गिटार, व्हायोलिनचा ताफा. १९७५ मध्ये दिल्लीचे सर्बजितसिंग चढ्ढा जपानमध्ये एन्का गायक म्हणून उभे राहिले, कोरियाच्या किम योन-जा तर तिथे नामवंत झाल्या. इतक्या सरमिसळीतून घडलेली गोष्ट अनादि आहे असं मानून तिच्यावर पहारा बसवणं मला पटत नाही.

पहाऱ्याची किंमत पडते ती बायकांना, कारण या गाण्यांतली बाई बहुतेक वेळा पुरुषांनी लिहिलेली आहे. मियाको हारुमी यांचं ‘किता नो यादो कारा’ हे १९७५चं गाणं घ्या. गीतकार आकु यू. उत्तरेकडच्या एका मुक्कामी बाई स्वेटर विणते आहे. ज्याच्यासाठी विणते आहे तो ते घालणार नाही हे तिला ठाऊक आहे. पुढच्या वर्षी या गाण्याला जपानचा रेकॉर्ड पुरस्कार मिळाला. १९७० मध्ये फुजी केइको यांचे दोन अल्बम एकामागून एक मिळून सलग ३७ आठवडे विक्रीत पहिले राहिले; त्यांतही रात्रीच्या शहरात पोळलेली तरुणी आहे आणि लेखणी प्रामुख्याने पुरुषांची. हा शिरस्ता जुन्या पिढीबरोबर संपला नाही. हिबारीच्या अखेरच्या काळातलं ‘कावा नो नागारे नो यो नि’ हे १९८९चं गाणं आकिमोतो यासुशी यांनी लिहिलं. २०१२ मध्ये एकेबी४८ या मुलींच्या पॉप गटातली सतरा वर्षांची इवासा मिसाकी एन्का गायिका म्हणून पुढे आली, तेव्हा तिचं पहिलं गाणं ‘मुजिन-एकी’ही आकिमोतोंचंच. गुरूच्या घरी राहून, पडेल ते काम करत शिकण्याची रीतही इथे मुरलेली. लोणच्याच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या वाकायामाच्या साकामोतो फुयुमी संगीतकार इनोमाता कोशो यांच्याकडे अशाच शिकल्या. या रीतीने गळा कसून तयार होतो, हे खरं. पण काय गायचं हे ठरवण्याची सवय तिथे लागत नाही.

तरीही गायिकांनी या चौकटीत जे केलं ते पाहिलं की आणखी काय होऊ शकलं असतं याची हळहळ वाटते. मियाको हारुमी १९६४ मध्ये सोळाव्या वर्षी आल्या त्या घशातून उठणारी गुरगुर घेऊन. शब्दांतली बाई वाट पाहत होती, आवाजातली बाई मात्र कुणाला भीक घालत नव्हती. ‘अमागी-गोए’ही पुरुषाने लिहिलेलं, पण इशिकावा ते गातात तेव्हा त्यातली वासना आणि संताप दोन्ही त्या बाईच्या मालकीचे वाटतात. १९९४ मध्ये तर लेखणीच बदलली. तांका या छोट्या जपानी कविता लिहिणाऱ्या कवयित्री हायाशी आमारी यांनी साकामोतोंसाठी ‘योझाकुरा ओशिची’ लिहिलं. प्रियकराला पुन्हा भेटता यावं म्हणून आग लावणारी आणि १६८३ मध्ये त्यासाठी जाळली गेलेली एदोतल्या, म्हणजे जुन्या तोक्योतल्या, भाजीवाल्याची मुलगी त्यामागे आहे. गाण्यातली बाई रडणं आटोपून पुढे निघते. चाल वेगवान, अंग एन्काचं, आणि साकामोतोंची ओळख आजही तेच गाणं. २००९ मध्ये त्यांनी ‘माता किमी नि कोइशितेरू’ हे संथ गाणं एन्काच्या ठरावीक मुरक्या बाजूला ठेवून गायलं. एन्का न ऐकणाऱ्यांपर्यंतही ते पोचलं. २०२३च्या अखेरीस वारलेल्या याशिरो आकी यांनी २०१२ मध्ये जॅझचा अल्बम केला आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबमध्ये त्या गायल्या. तो घोगरा, धुरकट आवाज तिथे जराही उपरा वाटला नाही.

यावर म्हणतील की नवी गाणी तर दरवर्षी निघतात. निघतात, हे मान्य. मिझुमोरी काओरी यांनी २००३च्या ‘तोत्तोरी साक्यू’नंतर गावोगावच्या नावांची गाणी गाऊन स्वतःचं एक दालनच उभं केलं. त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण गाव बदलतं, स्टेशन बदलतं, मन मोडून प्रवासाला निघालेली बाई मात्र तीच राहते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. एन्का म्हणजे ठरलेला साचाच, तो मोडला तर उरतं काय? मला वाटतं, साचा गळ्यात आहे: कोबुशी म्हणतात त्या मुरकीत, श्वास रोखण्यात, ओळीच्या शेवटी सूर सोडून देण्यात. तो कथानकात नाही, हे ‘योझाकुरा ओशिची’ने तीस वर्षांपूर्वीच दाखवलं. तिसरा आक्षेप श्रोत्यांचा. ते वयस्क आहेत, कॅसेट विकत घेतात, कराओकेत जुनंच गातात, आणि याच गाण्यांनी त्यांना आधार दिला आहे. खेड्यातून तोक्योला कामाला आलेल्या, रात्रीच्या बारमध्ये राबणाऱ्या बायकांना त्या काळी या गाण्यांत आपलं दुःख सापडलं, ते कुणी हलकं लेखू नये. पण त्याच बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. त्यांचं आजचं एकटेपण, नवऱ्याचं आजारपण, मुलं निघून गेल्यावर ओस पडलेलं गाव यांवर किती गाणी आहेत? कर्मचारी नसलेलं स्टेशन हे इवासाच्या पहिल्या गाण्याचं शीर्षक आजच्या जपानी खेड्याचं खरं चित्र आहे. या वाटेवर खूप पुढे जाता येईल.

दूरचित्रवाणीचा दृष्टिकोनही तपासायला हवा. ‘कोहाकु’त मियामा हिरोशी एन्का गात असतात आणि मागे रांगेने उभी माणसं केंदामा या लाकडी खेळण्याचा विक्रम करू पाहतात, प्रेक्षकांचं लक्ष विक्रमाकडे. नुसतं गाणं लोक बघणार नाहीत असं गृहीत धरल्याशिवाय असं कुणी करत नाही. लहानपणापासून लोकगीतं शिकलेल्या, १९८४ मध्ये जन्मलेल्या ओका मिदोरी २०१७ मध्ये या मंचावर आल्या. त्यांच्याकडे आणि इवासाकडे अजून तीसेक वर्षांचा गळा आहे. रेकॉर्ड कंपन्यांनी या गायिकांसाठी कवयित्रींकडून, स्त्री संगीतकारांकडून गाणी लिहून घ्यावीत. आणि एनएचकेने पुढच्या निमंत्रणात इशिकावांना एवढंच कळवावं की यंदा गेल्या पाच वर्षांतलं, तुमच्या पसंतीचं गाणं गा, आणि मागे दुसरं काहीही चालू राहणार नाही.