दंड कोणाचा, भोग कोणाला?

शिक्षा आणि न्याय यांतील अंतर समजून घेण्यासाठी त्र्यंबकेश्वरात राहणाऱ्याला दूर जावे लागत नाही. पेशवाईच्या काळात सिंहस्थातील स्नानाच्या अग्रमानावरून शैव आणि वैष्णव आखाड्यांत रक्त सांडले. त्यावर तोडगा निघाला तो असा: शैवांनी येथे कुशावर्तात आणि वैष्णवांनी नाशिकला रामकुंडात स्नान करावे. भांडणारे वेगळे झाले. यात्रेकरूंचे स्नान मात्र हिरावले गेले नाही. हे तारतम्य आपल्या फुटबॉलच्या कारभाऱ्यांना का सुचू नये, असा आमचा प्रश्न आहे.

२० डिसेंबर २०१५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. अखेरच्या काही मिनिटांपर्यंत २-१ असा पुढे असलेला एफसी गोवा संघ चेन्नईयिनकडून ३-२ असा हरला. सामन्यानंतर चेन्नईयिनच्या एका खेळाडूने मारहाण केल्याची तक्रार गोव्याच्या सहमालकांनी केली आणि संघाने बक्षीस समारंभावर बहिष्कार टाकला. बहिष्कार गैरच होता. जिंकणाऱ्याच्या गौरवाला हरणाऱ्याने उभे राहावे, हा खेळाचा धर्म आहे. परंतु २०१६ मध्ये लीगच्या आयोगाने शिक्षा दिली ती ११ कोटी रुपये दंड, सहमालकांवर बंदी आणि पुढील मोसमात १५ गुणांची कपात अशी!

मालकांवरील बंदी आम्ही समजू शकतो. पण पंधरा गुण म्हणजे पाच विजय, आणि साखळीत प्रत्येक संघाचे सामने अवघे चौदा. प्रशिक्षक झिको यांनी पाच सामने जिंकावेत तेव्हा कोठे पाटी कोरी व्हावी! त्या मोसमात नव्याने दाखल होणाऱ्या खेळाडूचा यात अपराध तो कोणता?

'संघ म्हणजे एक देह, म्हणून शिक्षाही एकच,' असे काही जण म्हणतील. एका अवयवाच्या दुःखात सर्व अवयव सहभागी होतात, हे संत पौलाने सांगितले खरे. पण तो सहभाग प्रेमाचा आहे, हुकूमनाम्याचा नव्हे. बापाच्या पापाचा भार मुलावर नको, हे यहेज्केल संदेष्ट्याने अठराव्या अध्यायात केव्हाच बजावले आहे. अपिलात गुणकपात रद्द झाली, दंड ६ कोटींवर आला. पण असा निवाडा मुळात सुचावा, हेच चिंताजनक आहे.

३ मार्च २०२३ रोजी बंगळुरूत एका फ्री किकवरील गोलाच्या निषेधार्थ केरळ ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इवान वुकोमानोविच यांनी संघ मैदानाबाहेर नेला. पंच चुकला तरी सामना सोडून जाण्याचा अधिकार प्रशिक्षकाला नाही. त्यांच्यावरील दहा सामन्यांची बंदी अपराध्याच्याच माथी बसली. तिला आमची हरकत नाही. आमची हरकत पुढच्या कलमाला आहे. जाहीर माफी मागितली तर दंड ५ लाख, न मागितली तर १० लाख. क्लबसाठी ४ कोटी, अन्यथा ६ कोटी! दोघांनीही माफी मागितली आणि नंतर अपीलही केले. ते अपील फेटाळले गेले.

अशा माफीला पश्चात्ताप म्हणायचे की सवलत? सोळाव्या शतकात दंडमुक्तीच्या नावाने पैसा गोळा झाला, तेव्हा आमच्या ख्रिस्तसभेने त्याची फार मोठी किंमत मोजली. ती लाज विसरून आम्ही हे लिहीत नाही. ती आठवते म्हणूनच लिहितो. शिक्षेने न्यायाची भरपाई व्हावी, अपराधी सुधारावा आणि इतरांना लागलेली ठेच भरून निघावी, असे ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो. विकत घेतलेल्या माफीने यांतले काहीच साधत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मैदानाबाहेरच्या वर्तनाची शिक्षा ते वर्तन करणाऱ्यालाच द्या. खेळाडूंचे गुण कापू नका. दंड हवा तेवढा घ्या. माफीचा दर मात्र ठरवू नका. ती ज्याची त्याला मागू द्या. नाही मागितली, तर तेही लोकांना दिसू द्या.