तपासणीविना एन्क्रिप्शन म्हणजे सुरक्षा नव्हे

फाइलझिला किंवा विनएससीपी या फाइल चढवण्याच्या प्रोग्रामांतून सर्व्हरला जोडताना अनोळखी प्रमाणपत्राचा इशारा येतो आणि बहुतेक जण तो न वाचताच ‘ओके’ दाबतात. ही सवय योग्यच आहे, असे मानणारा एक पक्ष इंदूरच्या विजयनगर-पलासिया भागात वेबसाइट बनवणाऱ्या मंडळींतही भेटतो. त्याचे म्हणणे असे: जोडणी एन्क्रिप्टेड आहे, तेवढे पुरे. सर्व्हर आपल्याच ग्राहकाचा, आयपी पत्ता माहीत. प्रमाणपत्र होस्टिंग कंपनीच्या नावाचे, म्हणून इशारा येणारच. शिवाय प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थाच चुकतात, हे भारतातच दिसले. तेव्हा एलएफटीपी या तशाच प्रोग्रामात प्रमाणपत्राच्या तपासणीपुढे ‘नो’ लिहावे आणि कामाला लागावे.

यातला पहिला मुद्दाच मुळात कच्चा आहे. एन्क्रिप्शन मजकूर झाकते; तो नेमका कोणाच्या हाती पडतो, याची हमी देत नाही. फाइल पाठवण्याच्या 1985 च्या एफटीपी मानकानुसार पासवर्ड उघडा जात असे. 2005 मध्ये त्याला टीएलएस या एन्क्रिप्शनची जोड देण्याची पद्धत ठरली. टीएलएसमध्ये सर्व्हर आधी प्रमाणपत्र पाठवतो आणि त्यातल्या सार्वजनिक किल्लीवरून त्याची ओळख पटते. ही पायरी गाळली, की कॅफेच्या वायफायचा राउटर ताब्यात असलेला कोणीही स्वतः बनवलेले प्रमाणपत्र पुढे करू शकतो. प्रोग्राम त्याच्याशी पूर्णपणे एन्क्रिप्टेड जोडणी करतो. तो हल्लेखोर खऱ्या सर्व्हरशी दुसरी जोडणी करतो. मधल्यामध्ये पासवर्ड वाचला जातो, चढवलेल्या पीएचपी फाइलीत चार ओळी घुसवता येतात. फाइल पोहोचते, साइट चालते, म्हणून दोन्ही टोकांना काहीच कळत नाही. आयपी पत्ता माहीत असण्याचाही उपयोग नाही, कारण त्या पत्त्याकडे जाणारी वाट त्याच राउटरमधून जाते.

अर्धी तपासणीही तितकीच फसवी. प्रमाणपत्राची साखळी, मुदत आणि नाव, तिन्ही जुळावी लागतात. 2012 मध्ये स्टॅनफर्ड आणि टेक्सस विद्यापीठांतील संशोधकांनी दाखवले, की फाइल पाठवण्या-आणण्यासाठी कर्ल ही लायब्ररी वापरणाऱ्या अनेक प्रोग्रामांत नावाच्या तपासणीपुढे ‘ट्रू’ लिहिले होते. त्याची किंमत 1 धरली जाई आणि प्रमाणपत्रात काहीतरी नाव आहे एवढेच पाहिले जाई. नाव जुळवण्यासाठी 2 लिहावे लागे. लिहिणारे निर्धास्त होते आणि दार उघडे होते. त्याच वर्षी कर्लने हा अर्धवट पर्याय बंद केला.

हाच पक्ष पूर्वी साध्या एफटीपीची बाजू घेत असे. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हा तेव्हाचा युक्तिवाद होता. 2021 मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही एफटीपी काढून टाकले. युक्तिवाद मात्र तोच राहिला, फक्त प्रमाणपत्रांकडे वळला.

संस्था चुकतात, हे खरे. जुलै 2014 मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या डोमेनांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. 2 जुलैला गूगलला ते कळले, 3 जुलैला भारताच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांनी त्या केंद्राची मधली प्रमाणपत्रे रद्द केली. पुढे क्रोमने भारतीय मूळ प्रमाणपत्राची मान्यता ठरावीक डोमेनांपुरतीच ठेवली. हा सारा इलाज तपासणाऱ्या प्रोग्रामलाच लागू पडतो. न तपासणाऱ्याला संस्थेचे प्रमाणपत्र आणि भुरट्याने घरी बनवलेले प्रमाणपत्र सारखेच.

नावाची अडचण तर किरकोळ आहे: प्रमाणपत्रावर होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरचे जे नाव असेल, त्याच नावाने जोडावे.

उरतो तो योग्य मार्ग, आणि तो सोपा आहे. तपासणी चालूच ठेवावी; कर्लमध्ये ती 2002 पासून आपोआप चालू असते. सर्व्हर आपला असेल तर लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र घ्यावे. ते 2015 पासून फुकट मिळते. प्रमाणपत्र स्वतःच सही केलेले असेल, तर त्याचा एसएचए-256 ठसा सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून फोनवर घेऊन जुळवावा आणि मगच ते कायमचे जतन करावे. एसएफटीपी या दुसऱ्या पद्धतीत प्रमाणपत्राच्या जागी सहसा होस्ट की असते, नियम तोच. जतन केलेला ठसा अचानक बदलला, तर कारण कळेपर्यंत पासवर्ड देऊ नये.