फुकटचं लाकूड आणि आपली चूल

मुर्धा, राई, मोर्व्यातल्या गावकऱ्यांसाठी लिहितोय, आणि आजूबाजूच्या सोसायट्यांत राहायला आलेल्यांसाठीही. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

थंडी पडली की आपल्याकडे एक वाद ठरलेला. सोसायटीवाले म्हणतात, गावातल्या चुली आणि बंब बंद करा, सकाळी खिडकी उघडता येत नाही. गाववाले म्हणतात, आमच्या आज्या-पणज्या चुलीवर रांधत आल्या, तुम्ही काल आलात आणि आम्हाला शिकवता? मी गावचाच आहे, त्यामुळे माझा कल कुठे असणार ते सांगायला नको. उत्तनच्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली की त्याचा धूर याच पट्ट्यातली गावं सोसतात. त्यांना चुलीवरून कुणी शहाणपण शिकवलं की राग येणारच.

तरीही या वादात दोन्ही बाजू नेमक्या गोष्टीबद्दल बोलत नाहीत. चुलीत काय जळतंय, हे कुणी वाकून बघतच नाही.

आज गावात किती घरांत सरपणाला खरंखुरं लाकूड येतं? पूर्वी खाडीकाठच्या गावांत तिवराचं लाकूड जळणाला असायचं. त्याला हात लावायचा नाही, हे २००५ साली मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवनाबाबत आदेश दिला तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे, आणि ते बरोबरच आहे. नारळाच्या झावळ्या, करवंट्या, शेतावरचं काटूक हे सगळं वाड्या गेल्या तसं आटत गेलं. मग जळण येतं कुठून? बिल्डिंगच्या साइटवरून. शटरिंगचं प्लायवूड, सनमायका लावलेल्या फळ्या, मोडलेली कपाटं, रंग दिलेले दरवाजे आणि चौकटी. किनाऱ्याकडच्या लोकांना जुन्या होडीच्या डांबर लावलेल्या फळ्याही मिळतात. सगळं फुकट, सुकं आणि झटकन पेट घेणारं.

याला सरपण म्हणू नका. प्लायवूड आणि एमडीएफ ज्या चिकाने जोडतात त्यात फॉर्मल्डिहाइड असतं. सनमायका म्हणजे तर कागद आणि रेझिनच. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं; घरगुती रंगातल्या शिशावर आपल्या देशात कडक मर्यादा आली ती २०१७ च्या शेवटी. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचा हिरवा दरवाजा फोडून बंबात घातला की आंघोळीच्या पाण्याबरोबर शिसंही आलं. शिसं जळून नाहीसं होत नाही. काही धुरात जातं, उरलेलं राखेत राहतं. आणि आपल्याकडे राख कुठे जाते? भांडी घासायला, नाहीतर परसातल्या अळू-माठाच्या वाफ्यात. मला धुरापेक्षा या राखेची जास्त भीती वाटते, कारण धूर निदान डोळ्यांत जातो तेव्हा कळतं तरी.

कुणी म्हणेल, गॅस महाग झालाय, गरिबानं करायचं काय? रास्त प्रश्न आहे. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, कनेक्शनं मिळाली, पण सिलिंडर दर वेळी भरून आणायचा म्हणजे पैसे लागतातच. पण जरा हिशोब मांडू. साध्या मातीच्या चुलीत लाकडाची जेमतेम दहा ते पंधरा टक्के उष्णता भांड्याला लागते, बाकीची इकडेतिकडे जाते. गॅसच्या शेगडीत साठ टक्क्यांच्या आसपास लागते, आणि किलोला किलो गॅसमध्ये उष्णताही लाकडाच्या तिप्पट. म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम साध्या चुलीवर करायचं तर ढोबळमानानं दोनशे किलो लाकूड हवं. पाच रुपये किलोनं धरलं तरी हजार रुपये झाले. वखारीत विचारून बघा, पाच रुपयांत सुकं लाकूड मिळतंय का. तेव्हा लाकूड विकत घेऊन रोजची चूल पेटवणाऱ्याला गॅसच स्वस्त पडेल. चूल स्वस्त वाटते कारण लाकूड फुकट आहे, आणि ते फुकट आहे कारण बिल्डरला त्याची विल्हेवाट लावायची आहे. त्याचा कचरा आपल्या आया-बहिणी आपल्या छातीत जिरवतात.

हा छातीचा मुद्दा कुणाला अतिरेकी वाटेल. घरातल्या चुलींच्या आणि रॉकेलसारख्या इंधनांच्या धुरानं २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हे साध्या सरपणानंसुद्धा होतं, प्लायवूडची गोष्ट वेगळीच.

मग चूल मोडून टाकायची का? अजिबात नाही. तांदळाची भाकरी खापरीवर चुलीच्या आचेनं फुगते तशी गॅसवर फुगत नाही, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. हळदीला दोनशे माणसांचं जेवण अंगणात चुलाणावरच होणार. रोजचं रांधणं गॅसवर आणि चूल तिच्या तिच्या कामापुरती, बाहेर, पडवीत किंवा परसात, असं माझं म्हणणं. बंद खोलीत तर नकोच. आणि थंडीत कोळशाची शेगडी खोलीत ठेवून दार लावून झोपणं म्हणजे मरण ओढवून घेणं. त्या वायूला ना वास, ना रंग.

नवी चूल घेणार असाल तर दोन गोष्टी बघा. भारतीय मानक ब्युरोचं चुलींसाठी मानक आहे, आयएस १३१५२. त्यात साध्या चुलीला किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला किमान ३५ टक्के कार्यक्षमता मागितली आहे. विकणाऱ्याला तेवढं विचारा. म्हणजे दोनशे किलोचं काम शंभरात. दुसरं, आपल्याकडची खारी हवा. पातळ पत्र्याची चूल दोन पावसाळ्यांत गंजून भोकं पडते, त्यामुळे माती-सिमेंटची बरी, नाहीतर स्टेनलेस स्टील. पुण्याच्या आरती संस्थेनं साच्यातून काढायच्या सिमेंटच्या लक्ष्मी, भाग्यलक्ष्मी अशा चुली केल्या, त्या प्रकारची आपल्याकडचा कुठलाही गवंडी घालू शकेल. निर्धूर चुलीचं नाव काढलं की म्हातारी माणसं हसतात, कारण सरकारी योजनेतल्या चुलींची धुराडी काजळीनं तुंबली आणि लोकांनी ती काढून टाकली. दोष धुराड्याचा कमी, ते साफ कोण करणार हे न ठरवण्याचा जास्त. गावठाणात आणखी एक अडचण आहे: धुराडं छपरापेक्षा उंच नेलं तरी ते शेजारच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोरच उघडतं. म्हणून धूर वर न्यायच्या आधी तो कमी कसा होईल ते बघायला हवं.

आणि तो कमी होतो. धूर म्हणजे न जळता निघून गेलेलं लाकूड. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत पाणी असतं. दहा किलो ओलं सरपण घातलंत तर पाचेक लिटर पाणी उकळून उडवण्यातच आच जाते. आगोटीची तयारी करताना आपण मीठ-मसाला, सुकी मच्छी भरतो, तसंच सरपणही वैशाखाच्या आत फोडून, जमिनीपासून वीतभर वर, पत्र्याखाली रचायला हवं. बाजू मोकळ्या ठेवायच्या, ताडपत्रीत गुंडाळायचं नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटले आणि खणखणीत आवाज आला, टोकांना चिरा दिसल्या, की सुकलं. मनगटापेक्षा जाड ओंडका घालू नका. लाकडाखाली लोखंडी जाळी ठेवा म्हणजे खालून वारा लागेल, आणि राख रोज काढा. ज्या चुलीला सारखी फुंकणी लागते तिला वारा कमी पडतोय एवढंच समजायचं.

आता महापालिकेचं. २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयानं मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर नेण्याचा मुद्दा लावून धरला. तिथंही गोची हीच होती, जुन्या फर्निचरचं भंगार लाकूड स्वस्त म्हणून भट्टीत जायचं. उद्या आपल्याकडे कुणी चुलींवर दंडाची पावती फाडायला आलं तर मी पहिला उभा राहीन. पण त्याआधी दोन मागण्या वॉर्डात लेखी देऊ या. एक, बांधकामाचा राडारोडा वेगळा ठेवून नीट पोचवण्याची जबाबदारी नियमांनी तो करणाऱ्यावरच टाकली आहे. साइटवरचं प्लायवूड गावात टेम्पोनं येणं बंद करा. दोन, पावसाळ्याआधी रस्त्यावरच्या झाडांच्या ज्या फांद्या छाटता, त्या तुकडे करून गावागावात एका शेडखाली रचा. वर्षभर सुकू द्या, मग हळदीला, भाकरीला, ज्याला हवं त्यानं न्यावं.

मुर्ध्यात अशा शेडला जागा कुठली द्यायची, ते कमेंटमध्ये सांगा. अर्ज मी लिहून ठेवलाय, सह्या हव्यात. सोसायटीवाल्यांच्याही.