सॉफ्टवेअरच्या कारागिराची पारख कशी करावी?

कापड घेताना आम्ही व्यापारी लेबलावर भरवसा ठेवत नाही. ताका उलगडतो, भिंगाखाली इंचातले ताणे-बाणे मोजतो, तुकडा धुऊन रंग टिकतो का ते पाहतो आणि मगच भाव बोलतो. परंतु दुकानाच्या हिशेबासाठी सॉफ्टवेअर बनवणारा माणूस निवडायची वेळ आली की आमच्यातले पुष्कळजण प्रमाणपत्र पाहतात, फर्डे इंग्रजी ऐकतात आणि आगाऊ रक्कम देऊन मोकळे होतात. पुढे बिले चुकली की नशिबाला दोष देतात.

प्रमाणपत्र निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. शिक्षण झाल्याची ती साक्ष आहे; काम जमेल याची हमी मात्र नाही. श्मिट आणि हंटर या अमेरिकन संशोधकांनी 1998 साली 85 वर्षांच्या अभ्यासांचा गोषवारा मांडला. निवडीची पद्धत आणि पुढचे प्रत्यक्ष काम यांचा मेळ त्यांनी शून्य ते एक या मापाने मोजला. कामाचा नमुना करून घेण्याला 0.54, ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीला 0.51, अनुभवाच्या वर्षांना 0.18 आणि शिक्षणाच्या वर्षांना अवघे 0.10 असे आकडे आले. 2022 साली इतर संशोधकांनी फेरतपासणी केली तेव्हा नमुन्याचा आकडा 0.33 पर्यंत उतरला आणि ठरावीक प्रश्नांची मुलाखत 0.42 वर पहिली आली. तरीही नुसती अनुभवाची वर्षे पुष्कळच मागे राहिली.

तेव्हा नमुना मागावा, आणि तो आपल्याच धंद्यातला असावा. उदाहरणार्थ, 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्यांवर नगामागे 2,500 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. उमेदवाराला एवढ्यावरच छोटे बिल बनवायला सांगावे. कच्चा माणूस लगेच टाइप करू लागेल. पक्का माणूस आधी विचारील: नेमक्या 2,500 च्या नगाचे काय? छापील किंमत 2,700, पण बिलातच सूट देऊन 2,450 ला विकला तर? दर बदलण्यापूर्वी विकलेला माल नंतर परत आला तर? उद्या सरकारने पुन्हा दर बदलला तर? उत्तरे कर सल्लागाराकडून मिळतील. प्रश्न मात्र कारागिरालाच सुचले पाहिजेत. खरे हुन्नर तेच होय.

दुसरी परीक्षा दुरुस्तीची. दुसऱ्याने लिहिलेला, मुद्दाम एक चूक ठेवलेला प्रोग्राम द्यावा आणि चूक कशी शोधली ते आपल्या भाषेत समजावून सांगायला लावावे. आजकाल कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागाल तो प्रोग्राम लिहून देतात. म्हणूनच लिहिलेले तपासणे, चुकीचे ओळखणे आणि त्याची जबाबदारी घेणे याला आता जास्त मोल आहे.

तिसरी गोष्ट पायरीची. 'स्फिया' नावाची एक आंतरराष्ट्रीय चौकट 2000 सालापासून वापरात आहे. तीत जबाबदारीच्या सात पायऱ्या मानल्या आहेत. पहिल्या पायरीवरचा माणूस देखरेखीखाली काम करतो, तर सातव्या पायरीवरचा संस्थेचे धोरण ठरवतो. नव्या मुलाकडून उस्तादाची अपेक्षा करणे आणि उस्तादाला शिकाऊचा पगार देऊ करणे, दोन्ही गैर आहे.

अशी पारख झाली तर उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या, बोलताना अडखळणाऱ्या पण हात साफ असलेल्या मुलांना न्याय मिळेल. इंग्रजी वाचता आलेच पाहिजे, कारण या विद्येचा बहुतेक मजकूर त्याच भाषेत आहे. परंतु वाचता येणे वेगळे आणि फर्डे बोलणे वेगळे.

पालकांनीही क्लासची फी भरण्यापूर्वी एकच चौकशी करावी: इथून बाहेर पडलेल्या मुलांनी स्वतः काय बनवले, ते दाखवता का? दाखवायला काही नसेल तर पुढचे दुकान पाहावे.

व्यापारी बांधवांना शेवटची विनंती. दिवसभराचा नमुना करून घेतलात तर त्या दिवसाची मजुरी द्या. कारागीर पसंत पडो वा न पडो, त्याच्या कष्टाचा मोबदला हा त्याचा हक्क आहे.