फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारा, आयुष्यात किती आत्मवृत्तं लिहिलीस? फाटक्या पुस्तकाचं लिहिलेलं असतं, पडक्या किल्ल्याचं, वठलेल्या झाडाचं, जुन्या छत्रीचं, एसटी बसचं. नदी बोललेली असते, फळा बोललेला असतो. फक्त लिहिणारं पोर बोललेलं नसतं. आजही दहावीच्या मराठीच्या पेपरात प्रसंगलेखन आणि वैचारिक लेखनाच्या शेजारी 'आत्मकथन' असतं, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचं असतं. 'आत्म' हा शब्द आपल्या शाळेनं निर्जीव वस्तूंना देऊन टाकला आहे.

याला कल्पनाशक्तीचा विकास म्हणतात. कल्पनाशक्तीशी माझं भांडण नाही. पण ही आत्मवृत्तं कल्पनेतून येत नाहीत, गाइडातून येतात. राज्यभरातली छत्री एकाच सुरात रडते आणि राज्यभरातलं झाड शेवटी एकच संदेश देतं. ज्या पोरानं स्वतःबद्दल सलग चार वाक्यं कधी लिहिली नाहीत, त्याला छत्रीचं दुःख पाठ असतं. हे अजाणतेपणी होतं असं मला वाटत नाही. छत्री अवघड काही सांगत नाही, म्हणून ती शाळेला चालते.

हे मी फुलसावंगीच्या संदर्भात लिहितो आहे, त्याला कारण आहे. फुलसावंगी यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यात येतं. याच तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते आणि दरवर्षी १९ मार्चला राज्यात ठिकठिकाणी लोक अन्नत्याग करतात. त्याच तालुक्यातलं पोर वर्गात बसून 'शेतकऱ्याचे मनोगत' पाठ करतं. गाइडातला शेतकरी काळ्या आईची सेवा करतो, घाम गाळतो, जगाचा पोशिंदा असतो आणि शेवटच्या परिच्छेदात हमखास आशावादी होतो. घरी पोराचा बाप कृषी केंद्राच्या उधारीचा हिशोब करत बसलेला असतो. पोराला दोन्ही शेतकरी दिसतात. कुठल्या शेतकऱ्याला मार्क आहेत हेही त्याला कळतं. घरातलं खरं वहीत लिहायचं नसतं, हा धडा कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही, पण प्रत्येक पोराचा तो पक्का होतो.

आता यावर उपाय म्हणून नवे उपक्रम आले आहेत. 'माझी डायरी', 'मनातलं पान', 'मी आणि माझं जग'. पोरानं स्वतःविषयी लिहावं, त्यातून त्याला स्वतःकडे बघता यावं, असा हेतू. हेतू चांगलाच आहे. मग वह्यांचे फोटो काढले जातात, लिंक भरली जाते आणि आकारिक मूल्यमापनात वर्णनात्मक नोंद होते: 'स्वतःच्या भावना योग्य शब्दांत व्यक्त करतो.' या नोंदीही तयार मिळतात, यादीतून उचलायच्या. पोरानं निबंध गाइडातून उतरवला, गुरुजींनी शेरा यादीतून. आत्मपरीक्षण झालं, रकाना भरला.

हे मी बाहेरून बोलत नाही. काही वर्षांपूर्वी, मी शिकवत होतो तिथे, मीही असा उपक्रम घेतला होता. तांड्यावरच्या एका मुलीनं दोनच ओळी लिहिल्या होत्या. तिची याडी ऊसतोडीला गेली आणि घर मोठं झालं, एवढंच. मी लाल पेन घेतला. 'याडी' खोडून 'आई' केलं. 'घर मोठं झालं' याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि खाली लिहिलं, 'सविस्तर लिही.' पुढच्या आठवड्यात तिनं पानभर सविस्तर लिहिलं. माझी आई मला फार आवडते, ती पहाटे उठते, ती माझी पहिली गुरू आहे. एकही चूक नव्हती. मी 'छान' असा शेरा दिला. आई निघून गेल्यावर तेच घर मोठं होतं, हे तिनं स्वतः शोधलं होतं, आणि मी ते चूक म्हणून दुरुस्त केलं. त्या वहीत तिनं पुन्हा काही शोधलं नाही.

आपल्याकडे याच्या उलट झाल्याचं उदाहरण आहे आणि ते पुण्यातलं, १८५५ सालचं आहे. मुक्ता साळवे ही जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतली मातंग समाजातली विद्यार्थिनी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्या वर्षी 'ज्ञानोदय'नं दोन अंकांत छापला. कोवळ्या वयाच्या या मुलीनं त्यात विचारलं, की वेद आमचे नाहीत, तर मग आमचा धर्म कोणता? आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं, हेही तिनं लिहिलं. ती 'मी'पासून निघाली आणि 'आम्ही'पर्यंत पोचली. आत्मपरीक्षण म्हणजे स्वतःच्या स्वभावातले गुणदोष मोजणं, अशी आपली समजूत आहे. मुक्ता दाखवते, की आपल्या घराकडे नीट बघणारं पोर शेवटी समाजाकडे बोट दाखवतं. आणि तिच्या शिक्षकांनी त्या बोटाला घाबरून शेवटचा परिच्छेद आशावादी करून घेतला नाही. शाळेची हीच खरी कसोटी आहे. पोराला प्रश्न विचारणं सोपं असतं. त्याचं उत्तर पेलवतं का, ते बघायचं.

यावर नेहमीचे आक्षेप असतात. पहिला, की खेड्यातली लहान पोरं स्वतःविषयी काय लिहिणार? सेलेस्तीन फ्रेने या शिक्षकानं १९२० च्या दशकात फ्रान्समधल्या एका खेड्याच्या शाळेत छपाईयंत्र आणलं आणि पोरांनी स्वतःच्या जगण्यातून लिहिलेले मजकूर तिथेच छापले, तेच वाचायला वापरले. इटलीतल्या बार्बियानाच्या डोंगरातल्या, शाळेनं नापास करून हाकललेल्या पोरांनी मिळून आपल्या शिक्षिकेला उद्देशून लिहिलेलं पुस्तक १९६७ साली आलं. मराठीत ते 'प्रिय बाई' या नावानं वाचायला मिळतं. खेड्यातल्या पोरांकडे सांगायला काही नसतं, हा गैरसमज मोठ्यांच्या सोयीचा आहे.

दुसरा आक्षेप शुद्धलेखनाचा. शुद्धलेखन जरूर शिकवा, रोज शिकवा. पण वेगळ्या वहीत. जिथे पोर जीव ओतून लिहितं, तिथे लाल पेन घेऊन जाऊ नका. गोरमाटी, कोलामी, वऱ्हाडी यांतला शब्द ही चूक नसते. त्या गोष्टीचं पोराला माहीत असलेलं ते एकमेव नाव असतं.

तिसरा आक्षेप मला खरा वाटतो. पोरांना घरचं लिहायला लावणं म्हणजे त्यांच्या जखमा चव्हाट्यावर आणणं नव्हे का? होऊ शकतं, आणि होतंही. मराठवाड्यातल्या चौथीतल्या एका मुलानं वारलेल्या वडिलांवर लिहिलेला निबंध मागे राज्यभर मोबाईलवरून फिरला. त्याला मदत मिळाली, हे चांगलंच झालं. पण त्यानं तो निबंध राज्यासाठी लिहिला होता का, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? यवतमाळ जिल्ह्याला तर दुःख दाखवायला उभं राहायची सवयच लावली गेली आहे. पाहुणे येतात, फोटो निघतात. २०१९ च्या यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन शेतकरी आत्महत्येनं पती गमावलेल्या वैशाली येडे यांनी केलं. त्या स्वतःचं म्हणणं घेऊन मंचावर उभ्या राहिल्या, म्हणून त्यांचं भाषण लक्षात राहिलं. पण त्या प्रौढ होत्या आणि बोलायचं की नाही हे त्यांना ठरवता येत होतं. दहा वर्षांच्या पोराला तो अधिकार कोण देतं? म्हणून माझी पहिली मागणी लिहिण्याची नाही, न दाखवण्याच्या हक्काची आहे. पोरानं पान दुमडलं, तर गुरुजींनी ते उघडायचं नाही. फोटो तर कुठल्याच पानाचा काढायचा नाही.

आणि लिहायचं म्हणजे दुःखच लिहायचं, असंही नाही. फुलसावंगीचं नाव ऑगस्ट २०२१ मध्ये देशभर गेलं ते शेख इस्माईल ऊर्फ मुन्ना या तरुणामुळे. आठवीनंतर शाळा सुटलेला, वेल्डिंगचं काम करणारा हा मुलगा व्हिडिओ बघून बघून हेलिकॉप्टर बनवत होता. चाचणी घेताना पाता तुटला आणि त्यात त्याचा जीव गेला. लोकांनी त्याला हळहळत 'रँचो' म्हटलं आणि विसरले. मला मात्र एक प्रश्न सोडत नाही. 'मी कोण होणार' या निबंधात आपली पोरं डॉक्टर, शिक्षक, फार तर कलेक्टर होतात, कारण गाइडात तेवढेच पर्याय आहेत. मला उडायचंय आणि त्यासाठी अमुक यंत्र लागेल, असं लिहिणाऱ्या पोराला आपल्या कुठल्या वहीत जागा आहे? आणि कुणी ते वेळेवर वाचलं, तर त्याला निदान धोका समजावून सांगणारं माणूस तरी भेटेल. पोरांची स्वप्नं वाचायला कुणी नसणं, हाही एक धोकाच आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. आठवड्यातून अर्धा तास. पोराच्या भाषेत. मार्क नाहीत, श्रेणी नाही, नोंद नाही, लिंक नाही. दुमडलेलं पान दुमडलेलंच राहील. उघड्या पानाखाली गुरुजी शेरा लिहिणार नाहीत, उत्तर लिहितील, माणूस माणसाला लिहितो तसं एखादं वाक्य. आणि त्या अर्ध्या तासात गुरुजीही स्वतःच्या वहीत लिहितील. ज्यानं स्वतःकडे कधी बघितलं नाही, त्यानं पोरांना आत्मपरीक्षण शिकवू नये.

हे केल्यानं निकाल वाढेल का, मला सांगता येणार नाही. वाढावा म्हणून ते करायचंही नाही. त्या मुलीची दोन ओळींची वही आज माझ्यासमोर आली, तर मी 'याडी'ला हात लावणार नाही. प्रश्नचिन्हाच्या जागी लिहीन, 'हो, माझी आई माहेरी गेली की आमचंही व्हायचं.' हे एवढं वाक्य मला तेव्हा सुचलं नाही. कारण मीही मराठी शाळेत शिकलो होतो, आणि मलाही फक्त छत्रीचं मनोगत येत होतं.