रंग जाणारच!

तिशीनंतर कपाट नव्यानं भरायला निघावं आणि चेन्नईच्या टी. नगरात जिकडेतिकडे कोपरापर्यंत ओघळणाऱ्या खांद्यांचे टी-शर्ट नि पॉलिस्टरचे को-ऑर्ड सेट टांगलेले दिसावेत, हा छळच. या दमट हवेत पॉलिस्टर घालणाऱ्यांच्या सहनशक्तीला माझा नमस्कार. आणि हे त्या शहरात, ज्याच्या जुन्या नावाचं ‘मद्रास चेक्स’ हे हलकं सुती कापड अमेरिकेनं उन्हाळ्यासाठी उचललं! १९५८च्या सुमारास ब्रूक्स ब्रदर्स या तिथल्या कपडेवाल्या कंपनीनं त्याचे कपडे विकले. पण याचा रंग जातो, थंड पाण्यात वेगळं धुवा, ही सूचना गिऱ्हाइकांपर्यंत पोचलीच नाही. बोंबाबोंब झाली. मग जाहिरातवाल्यांनी दोषच मिरवला: रंग उतरण्याची हमी! प्रत्येक धुण्यात चौकटी एकमेकींत मिसळत जातात, शर्टाचा चेहरा बदलत राहतो. दर मोसमाला नवी फॅशन धुंडाळण्यापेक्षा मला हे जास्त पटतं. म्हणून एग्मोरला पँथिऑन रोडवर को-ऑप्टेक्समध्ये जावं (विणकरांची ही सहकारी संस्था १९३५पासूनची), मीटरवर कापड घ्यावं आणि शिंप्याकडून अर्ध्या बाह्यांचे, स्वतःच्या मापाचे दोन-तीन शर्ट शिवून घ्यावेत. पोट थोडं सुटलंय, हे शिंप्यापासून लपत नाही आणि तो त्याचा बाऊही करत नाही. खाली वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसायची हिंमत असेल तर उत्तमच. वेष्टी नेसलेल्यांना क्लबांनी दारातून परत पाठवू नये म्हणून तमिळनाडूनं २०१४मध्ये कायदाच केलाय.