ज्याला कर्ज म्हणत नाहीत

दुसऱ्याकडून पैसा घेण्याला आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. कर्ज आहे, ऋण आहे, देणं आहे, उधारी, उसनवारी, हातउसने आहे. शब्दकोश हे सगळे एका ओळीत बसवतो आणि 'समानार्थी' म्हणून मोकळा होतो. चिखली तालुक्यातल्या गावांतून गेली दहा वर्षं बायकांच्या बैठका घेतल्यावर माझं स्पष्ट मत झालं आहे की हे शब्द मुळीच समानार्थी नाहीत. पैसा किती, यावर शब्द ठरत नाही. तो कोणी दिला आणि कोणी घेतला, यावर ठरतो.

बैठकीत विचारावं, "घरावर कर्ज किती?" बायका सोसायटीचं पीककर्ज सांगतात, कृषी केंद्राची उधारी सांगतात, सावकाराचा आकडा आवाज उतरवून सांगतात. मग विचारावं, पेरणीच्या वेळी पोत, डोरलं कोणी कोणी मोडलं? निम्म्याहून जास्त हात वर येतात. ते किती कर्ज झालं? सगळ्या हसतात. "ताई, ते कर्ज थोडंच हाय? ते तं घरातच देल्लं." भावाकडून आणलेले वीस हजार? ते 'माहेरचं'. शेळी विकून खताला दिले? तो 'हातभार'. निंदणाच्या मजुरीतून बँकेचा हप्ता भरला, त्याला तर नावच नाही.

त्याच बाईने गटातून किंवा मायक्रोफायनान्स कंपनीकडून वीस हजार उचलले आणि त्याच पेरणीला लावले, की ते मात्र त्याच दिवशी कर्ज होतं, तिच्या नावाचं. हप्ता चुकला की वसुलीवाला दारात उभा राहून तिच्या नावाने हाका मारतो आणि अख्खी गल्ली ऐकते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत सूक्ष्मकर्ज म्हणजे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज. हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत हवेत, असंही त्यात आहे. नियमात सगळीकडे कुटुंब. सही करायची वेळ आली की बाई! म्हणजे बाईने दिलं तर मदत, घेतलं तर कर्ज.

'ऋण' हा शब्द सोवळ्यातला. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी तीन ऋणं घेऊन माणूस जन्मतो म्हणे, आणि पितृऋण फेडायचं ते मुलगा जन्माला घालून. जी नऊ महिने पोटात वागवते तिचं ऋण या यादीत नाही. (आमचा जिल्हा सिंदखेडराजामुळे स्वतःला मातृतीर्थ म्हणवतो, हे जाता जाता.) बापाचं कर्ज मुलाने फेडणं हे हिंदू कायद्यात धार्मिक कर्तव्य मानलं जाई. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरतं ते रद्द केलं. बापाच्या कर्जाला निदान एवढा काळ धर्माचा आधार होता. आईच्या मोडलेल्या डोरल्याला कधीच नव्हता.

आणि 'पत'? पुरुषाची पत सातबारावर उभी असते. 'तिची पत गेली' म्हटलं की मात्र कोणाच्याही मनात बँक येत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांत बायका सुमारे १४ टक्के होत्या. जमीन नावावर नाही म्हणून पीककर्ज नाही, पीककर्ज नाही म्हणून ती शेतकरी नाही. चार टक्क्यांचं पीककर्ज त्याला, तिला मात्र चढ्या व्याजाचं गटकर्ज, आणि शेत दोघांचं एकच.

हा शब्दांचा खेळ वाटत असेल तर आत्महत्येनंतरच्या चौकशीला बसून पाहा. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात बुलढाणा होता. त्याच वर्षी जानेवारीतल्या शासन निर्णयाने मृत शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाखाची मदत ठरवली. अट अशी की कर्ज बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं आणि थकलेलं असावं. मेहुण्याचे पैसे, दुकानदाराची उधारी, बायकोची पोत, यांतलं काहीच त्या व्याख्येत बसत नाही. घर कर्जात बुडालेलं असतं आणि कागदावर लिहिलं जातं, 'अपात्र'. इकडे तेरावं व्हायच्या आत ज्यांचं कर्ज सरकार मानत नाही तेच लोक ओट्यावर येऊन बसतात, आणि विधवेने ते कर्ज मानावं असा त्यांचा आग्रह असतो. मैत्रिणींनो, एवढं प्रत्येकीला सांगा: कागदावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तिची सही नसेल, तर नवऱ्याचं कर्ज त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतंच वसूल होऊ शकतं. तिच्या मजुरीला, तिच्या स्वतःच्या दागिन्याला हात लावता येत नाही.

घरात कर्जाची भाषा आणली तर संसार कसा टिकणार, असं आमच्यातलेच काही कार्यकर्ते विचारतात. भाऊ-भाऊ वाटणीच्या वेळी धुऱ्यावरची बोरसुद्धा मोजतात, तेव्हा हा जिव्हाळा कुठे जातो? सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं की स्त्रीधन तिचंच, सासरी ठेवायला दिलं म्हणून ते सामाईक होत नाही. २०२४ मध्ये याच न्यायालयाने पुन्हा म्हटलं की अडचणीत नवरा ते वापरू शकतो, पण ते किंवा त्याची किंमत परत करण्याचं नैतिक बंधन त्याच्यावर आहे. वापरलं आणि परत करायचं आहे, तर त्याला मराठीत दुसरा कोणता शब्द आहे?

शब्द बदलता येतात. 'कर्जमाफी'वर शेतकरी संघटनेने हरकत घेतली होती. माफी गुन्हेगाराला असते, आम्हाला 'कर्जमुक्ती' हवी, असं शरद जोशी सांगत राहिले. २०१९ च्या सरकारी योजनेच्या नावातच तो शब्द आला. याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना'त बायकांच्या माथी मारलेला एकेक दोष उचलून पुरुषांपुढे धरला होता. आपल्याला तर एकच शब्द उचलायचा आहे.

आमच्या तीन गटांत गेल्या हंगामापासून बचतीच्या वहीत मागून एक पान आखलं आहे: तारीख, काय दिलं, किती वजन, कशासाठी. "डोरलं, साडेचार ग्रॅम, सोयाबीनचं बियाणं" अशा नोंदी आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या शाळकरी मुली लिहितात. सोनाराच्या पावत्या टाचून ठेवतो. एका नवऱ्याने पान फाडलं, तेव्हापासून वही अध्यक्षीणबाईंच्या घरी असते. आत्महत्येच्या चौकशी अहवालात बायकोच्या मोडलेल्या दागिन्यांचा आणि तिच्या नावच्या गटकर्जाचा रकाना असावा, अशी मागणी आम्ही तहसीलदारांकडे लेखी दिली आहे. उत्तर आलेलं नाही. तुमच्या तालुक्यातूनही असे अर्ज जाऊ द्या, आणि तुमच्या बैठकीत "कर्ज किती?" या प्रश्नाला काय उत्तरं आली ते पुढच्या अंकासाठी कळवा.